खासनीस सरांचा फियॉर्ड

सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या एका खोलीत साड्या पसरून झोपायच्या आणि आम्ही भिंतीला टेकून बसायचो. आई धागा कटिंगचं काम घरी आणायची. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीने कापायचे, घड्या घालायच्या, गठ्ठा परत पोचवायचा. गठ्ठा आला की जमीन त्याची. साडीला डाग पडला तर मजुरी कापली जायची. पोराला डाग पडला तर काही कापलं जात नसे. त्यामुळे कोरडी जागा कोणाच्या वाट्याला यायची ते सांगायला नको.

बापू लूमच्या खात्यात. खातं म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आत माग एकाला एक चिकटून. बापू दिवसपाळीला गेले की त्यांच्या कॉटवर गावाकडचा एक मामा रात्रपाळी करून येऊन झोपायचा. ती कॉट थंड झालेली मी कधी पाहिली नाही. खात्यात आवाज असा की शेजारचा माणूस मेला तरी ओरडणं ऐकू येऊ नये. म्हणून तिथे सगळं हाताने बोलतात. मनगट दोनदा फिरवलं म्हणजे दोरा तुटला, इकडे ये. मूठ वर नेऊन खाली ओढली म्हणजे झालं, चालू कर. बापूंना चाळिशीच्या आत कमी ऐकू यायला लागलं आणि आमच्या घरातही मनगटं फिरायला लागली.

अशा घरातल्या पोराला फियॉर्ड शिकवायला खासनीस सर होते.

सर नाशिकचे. आमच्या मराठी शाळेत भूगोल शिकवायचे. पुस्तकावर 'सामाजिक विज्ञान' छापलेलं असे, ते म्हणत, "समाज तुम्ही बघा, विज्ञान सरकार बघेल. मी भूगोल शिकवतो." सडपातळ, ताठ, नाकाची दिशा कायम ईशान्य. पोरांची नावं त्यांना कधी पाठ झाली नाहीत. करायचीच नव्हती. ते आम्हाला बापाच्या तालुक्यावरून हाक मारत. "ए अमळनेर, उभा राहा. शिरपूर, फळा पूस. काय रे पारोळा, झोप झाली का?" पारोळा म्हणजे मी. माझा जन्म सुरतेचा. पारोळ्याला मी आयुष्यात दोनदा गेलोय, दोन्ही वेळा लग्नाला, आणि एकदा तर जेवणही संपलं होतं. पण सरांच्या नकाशावर मी पारोळ्यातच राहिलो.

फियॉर्डचा धडा पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदाचा. सर तो आठवडाभर शिकवायचे. फळ्यावर एका दमात चित्र काढायचे. खडू वरून सरळ खाली, गोल वळण, पुन्हा सरळ वर. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये पाण्याची पट्टी, ती आत आत वळत गेलेली, आणि वर चार-पाच पक्षी. मग मागे सरकून, हात झटकून म्हणायचे, "आपली खाडी आठवा. तिच्या दोन्ही बाजूंना डोंगर लावा, घाण काढा. झाला फियॉर्ड."

उधन्याच्या मागची खाडी आम्हाला चांगली माहीत होती. डाईंगवाल्यांनी ज्या रंगाचं पाणी सोडलं त्या रंगाची ती वाहायची. त्यामुळे जगात कुठेतरी हिरव्या खाडीच्या दोन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि गोरे लोक नाक दाबून बोटीत बसलेत, असं चित्र माझ्या डोक्यात पक्कं झालं.

धड्याच्या शेवटी सर आवाज खाली आणायचे. "पुस्तकातलं सोडा. मी उभा होतो तिथे. वरच्या कड्यावर. खाली फियॉर्ड, पायाशी पफिन पक्षी. लाल चोचीचा." आणि सगळा वर्ग लिहून घ्यायला लागायचा.

मी घरी येऊन बापूंच्या कानात ओरडून सांगितलं की आमचे सर नॉर्वेला जाऊन आलेत. बापूंनी तंबाखू मळणं थांबवलं आणि अहिराणीत एवढंच विचारलं, "मास्तर तठे जाई उना, मंग आठे काबर मरी ऱ्हायना?" तिथे जाऊन आलेला माणूस इथे कशाला मरतोय? प्रश्न बिनतोड होता. मी तो सरांना विचारला नाही.

सरांचा भूगोल कुठेही सुरू व्हायचा. एका पावसाळ्यात खाडी वस्तीत शिरली, शाळेत निम्मी पोरं आली नाहीत. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आम्हाला शोधत वस्तीत आले. आम्हाला वाटलं विचारपूस करायला आले. दारात गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी काठी उचलली आणि म्हणाले, "पारोळा, बघ. पाणी सखल भागातून आत कसं शिरतं ते बघ. जमीन मुकाट्याने जागा देते. फियॉर्डमध्ये समुद्राने हेच केलं. इथे फक्त बर्फाची कमतरता आहे."

आई साड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन माळ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "मास्तर, एक टोक धरा ना."

सरांनी धरलं. गठ्ठा अर्धा आईच्या डोक्यावर, अर्धा सरांच्या. त्या अवस्थेतही ते हिमनदीवर बोलत होते. साड्या कोरड्या राहिल्या. सर ओले झाले. जाताना आईला म्हणाले, "उद्या ह्याला पाठवा. धडा अर्धा राहिलाय." आईने दार लावलं आणि म्हणाली, "येडा शे, पण हात देस." वेडा आहे, पण हात देतो.

परीक्षेत मात्र सर अगदीच भोळे, असं आमचं मत होतं. वर्गातली सगळी पोरं खात्यातल्या बापांची. उत्तर आलं नाही की मनगट फिरायचं. दोन बाकांपलीकडून बोटांवर उत्तर यायचं. मिळालं की मूठ खाली. अख्खा वर्ग हाताने बोलत असायचा आणि सर पाठ करून खिडकीबाहेर बघत उभे. बाहेर काय, तर लूमच्या खात्याचा पत्रा. आम्ही म्हणायचो, म्हातारा तिथे फियॉर्ड बघतोय.

हिवाळ्यात तापीच्या कॉजवेवर समुद्रपक्षी येतात. सुरती माणूस त्यांना गाठिया घालतो. सुरती माणूस देवालाही गाठियाच घालील, देव खात असला तर. दर रविवारी सर पत्नीला घेऊन तिथे हजर. त्यांना आम्ही काकू म्हणायचो. सर गाठियाची मूठ हवेत फेकत आणि जमलेल्यांना सांगत, "हे नॉर्वेचे. माझ्या ओळखीचे आहेत."

काकू पुडी धरून शेजारी. त्या म्हणायच्या, "हे नॉर्वेला गेले ना, तेव्हा मी बहुतेक पाण्याच्या नंबरला उभी असेन. मला दिसले नाहीत जाताना."

"तुला भूगोल कळत नाही."

"इतिहास कळतो."

पुढे माझं आयुष्य माझ्या रस्त्याने गेलं. रात्री लूम, सकाळी कॉलेज, असं करून मी बी.कॉम. झालो. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी सांगतो, कारण कोणी विचारत नाही. मग रिंग रोडवरच्या एका टूर कंपनीत लागलो आणि ग्रुप घेऊन परदेशात जायला लागलो. टूर मॅनेजर म्हणजे चाळीस लोकांचा हरवलेला चष्मा शोधणारा माणूस, पण पासपोर्टवर शिक्के पडतात.

एका उन्हाळ्यात उत्तर नॉर्वेच्या ग्रुपला घ्यायला विमानतळावर पोचलो, तर समोर खासनीस सर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. अंगात कोट, डोक्यावर माकडटोपी, पायात पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण. सुरतेत ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. शेजारी काकू. मुलीने दोघांना टूर करून दिली होती.

सरांनी मला न्याहाळलं. "पारोळा?"

"गोकुळ, सर."

"तेच ते. तू नेणार आम्हाला?"

"हो सर."

"रस्ता माहीत आहे ना?" आणि आवाज खाली आणून, "नसेल तर मला विचार. मी गेलेलो आहे."

त्यानंतर पाचच मिनिटांनी सर सरकत्या जिन्यापाशी थांबले. एक पाय पुढे केला, मागे घेतला. दुसरा पुढे केला, तोही मागे घेतला. मागे ग्रुपमधल्या हंसाबेन होत्या, वराछाच्या, पाच देश फिरलेल्या. त्या म्हणाल्या, "काका, चढो ने! आ कंई हिमालय छे?" सर म्हणाले, "मी निरीक्षण करतोय." शेवटी काकूंनी त्यांना पाठीत ढकललं. मी बॅगांकडे वळलो. माझं काम सामान मोजणं.

उत्तरेचा तो फियॉर्ड खरंच एका कोपऱ्यात होता. टोकाचं गाव, चार लाकडी घरं, एक धक्का. आमच्याबरोबर स्वयंपाकी महाराज होता, त्यामुळे त्या जगाच्या टोकावरही फोडणीचा वास सुटला. पहिल्या दिवशी बोट. दोन्ही बाजूंना काळे कडे, डोकं मागे टाकलं तरी शेंडा दिसू नये. ग्रुपने पाच मिनिटं फोटो काढले आणि अंताक्षरी सुरू केली. सर मात्र कड्यांकडे बघत हवेत बोट फिरवत होते. खाली, वळण, वर. पुन्हा खाली, वळण, वर.

"काय झालं, सर?"

"खालून आकार कळत नाही. वर गेल्याशिवाय कळणार नाही."

तेवढ्यात बोटीमागे समुद्रपक्षी लागले. सरांचा चेहरा उजळला. त्यांनी कोटाच्या खिशातून गाठियाची पुडी काढली. बोटीवरची गाईड मुलगी हात हलवत धावत आली. पक्ष्यांना काही घालायचं नाही, नियम आहे. सर तिला शांतपणे म्हणाले, "मॅडम, दे आर कमिंग टू माय सुरत. एव्हरी विंटर. दे नो मी." आणि मूठ उघडली.

तापीवरचे पक्षी सभ्य असतात, हवेतला गाठिया हवेत टिपतात. हा मोठा होता, बदकाएवढा. त्याने गाठिया घेतला, पुडी घेतली आणि जाता जाता माकडटोपी उचलून नेली. पुढे ती काही त्याला आवडली नसावी. फियॉर्डच्या मधोमध सोडून दिली. हळूहळू बुडाली.

मग काकू म्हणाल्या, "ओळखलं हो. बरोबर तुम्हालाच ओळखलं."

दुसऱ्या दिवशी डोंगर होता. ज्याला जायचं त्याने जायचं. ग्रुपने एकमुखाने महाराजाच्या गरम खिचडीकडे राहायचं ठरवलं. सर तयार होऊन दारात. डोक्याला काकूंची लोकरी शाल बांधलेली, बायका बांधतात तशी. मी म्हणालो, "सर, चढ आहे. गुडघे?"

"आम्ही नाशिकचे. डोंगर आमच्या अंगणात होता."

"अंगणात होता खरा," काकू बूट घालत म्हणाल्या. "हे कधी अंगणात उतरले नाहीत."

वाट सोपी होती, दगडांवर लाल रंगाच्या खुणा. अर्ध्या वाटेत एक बाक होता. काकू तिथे बसल्या आणि म्हणाल्या, मी इथूनच सगळं बघितलं असं सांगेन, तुमच्या परंपरेला धरून. सर पुढे निघाले आणि पहिल्याच वळणावर, काकू दिसेनाशा झाल्यावर, दगडावर बसले. छाती भात्यासारखी हलत होती.

"पारोळा, मी इथे कधी आलो नव्हतो."

"माहीत आहे, सर."

"कशावरून?"

"सरकत्या जिन्यावरून."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पोराने विचारलं, सर, तुम्ही पाहिलाय? मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मंग तुमले काय माहीत? वर्ग हसला. वह्या मिटल्या. दुसऱ्या वर्षी मी म्हणालो, पाहिलाय. उभा होतो तिथे. पोरं लिहून घ्यायला लागली." त्यांनी शाल सारखी केली. "अख्खी नोकरी तेच चित्र काढलं. पुस्तकात पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो, त्यावरून. आता वर जाऊन चित्र चुकीचं निघालं तर?"

मला दया यायला हवी होती. आली नाही. तालुक्यावरून हाका खाल्लेला माणूस मी. म्हणालो, "तर काय, सर? ती सगळी पोरं लूमवर आहेत. कोण तपासणार?"

"तू आहेस ना," सर म्हणाले, आणि उठले.

वरच्या कड्याचा शेवटचा टप्पा अरुंद होता, कडेला साखळी लावलेली. सरांनी मला हाताने थांबवलं. "इथून मी एकटा. उभं मला राहायचंय." मी खाली उभा राहिलो. ते साखळी धरून, अधूनमधून चार पायांवर, वर पोचले.

आणि तुम्हाला काय सांगू, तो आवाज! कड्याच्या पोटात हजारो पक्षी घरटी करून बसलेले, सगळे एकदम ओरडणारे. हंसाबेन असत्या तर कानात बोटं घालून पळाल्या असत्या. मी डोळे मिटले तर सरळ बापूंच्या खात्यात होतो. पाळी सुरू, सगळे माग चालू. आणि वास! मासे, विष्ठा, कुजकी पिसं. खात्याच्या मागची खाडीही हजर.

सर कड्यावर उभे राहिले. काकूंची शाल वाऱ्यावर उडत होती. त्यांच्या पायापासून दोन हातांवर गवतातल्या बिळातून एक पफिन बाहेर आला. लाल चोच, चोचीत मासे, चेहरा सासरी आलेल्या जावयासारखा गंभीर. तो सरांकडे बघत होता. सर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. ते खाली बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांचं बोट उठलं आणि हवेत फिरलं. खाली, वळण, वर. एकदाच.

मग ते परत यायला वळले आणि उतार पाहिला. चेहरा खडूसारखा झाला. पाऊल उचलेना. मी ओरडलो, "बसा, सर! बसून घ्या!" मलाच माझा आवाज ऐकू आला नाही. तेही काहीतरी ओरडले. नुसतं तोंड हललं.

मग सरांनी साखळीवरचा एक हात सोडला, वर धरला आणि मनगट दोनदा फिरवलं.

दोरा तुटला. इकडे ये.

ही खूण नाशिकच्या खासनिसांच्या घरात शिकवत नाहीत. मग मी मूठ वर नेऊन खाली ओढली आणि चढलो.

जवळ पोचलो तसे सर माझ्या कानाशी ओरडले, "चित्र बरोबर आहे!"

"खाडी म्हणाला होतात ना, सर?"

त्यांनी दीर्घ श्वास घेतला, नाक मुरडलं. "वासासकट बरोबर!"

उतरताना सर बसून सरकले, माझी कॉलर मुठीत धरून. आवाज मागे पडल्यावर मी विचारलं, "ती खूण तुम्हाला कुठून माहीत?"

"मी काय आंधळा होतो? अख्खा वर्ग मनगटं फिरवत बसायचा. मला वाटायचं, एखाद्याचं निखळेल."

"मग पकडलं का नाही?"

"पकडून तुम्हाला पाठवणार कुठे होतो? नापास झालात की खात्यात. तिथे हीच खूण दिवसभर करायची होती. म्हणून खिडकीबाहेर बघायचो." थोडं सरकून ते थांबले. "तरी तू सहामाहीत नापास झालासच."

"मला उत्तर अमळनेरकडून यायचं, सर."

"हां. अमळनेर ढ होता."

बाकापाशी काकू थर्मासमधला चहा पीत बसल्या होत्या. सरांची पँट मागून फाटलेली, शाल गळ्यात. त्यांनी वरपासून खालपर्यंत नवऱ्याला पाहिलं. "उभे होता का?"

"होतो," सर म्हणाले. काकूंनी झाकणातला चहा त्यांच्या हातात दिला.

सर आता नाहीत. त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या हिवाळ्यात, रविवारी कॉजवेवर. मी पलीकडच्या बाजूला गाडी लावत होतो. सर गाठिया फेकत होते आणि फोटो काढायला आलेल्या कॉलेजच्या पोरापोरींना सांगत होते. शब्द मला ऐकू येत नव्हते, मध्ये ट्रॅफिक, वर पक्षी. पण बोट दिसलं. खाली, वळण, वर. मी रस्ता ओलांडायला लागलो तेव्हा ऐकू आलं. "मी उभा होतो तिथे."

एक पोरगा मित्राला म्हणाला, "काका फेंके छे." थापा मारतोय.

काकू म्हणाल्या, "नाही रे, खरंच गेले होते. मी बाकावर होते."

पोरं आणखीच हसली. खोटं होतं तेव्हा अख्खा वर्ग लिहून घ्यायचा, आता खरं होतं तर कोणी उभं करत नव्हतं. सरांनी गर्दीवरून मला पाहिलं. हाक मारली नाही. मारली असती तर पारोळाच म्हणाले असते. त्यांनी गाठियाने भरलेला हात वर केला आणि मनगट दोनदा फिरवलं.

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि पोरांना गुजरातीत, मग मराठीत, पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं, तेच इथे लिहून ठेवतो. खासनीस सर फियॉर्डला गेले होते. वरच्या कड्यावर उभे होते. त्यांचं चित्र बरोबर आहे. मला माहीत आहे, कारण त्यांना मी नेलं होतं.